टप उघडणारी जुनी मोटार : निवड कशी करावी?

व्याख्यानमालेत इतिहास, अर्थकारण आणि वाङ्मय यांच्या पंक्तीला जुन्या मोटारीचा विषय येऊन बसलेला पाहून काही श्रोत्यांना नवल वाटले असेल. परंतु संसारी माणूस आयुष्यात ज्या दोन-तीन मोठ्या खरेद्या करतो, त्यांत घर, लग्नकार्याचे सोने आणि मोटार यांचाच क्रम लागतो. पहिल्या दोहोंसाठी आपण दहा जणांना विचारतो. मोटार मात्र पुष्कळदा नजरेत भरली म्हणून घेतो. त्यातही टप उघडणारी गाडी नजरेत लवकर भरते. ती जुनी घ्यायची म्हटले, तर किंमत आटोक्यात येते, पण धोके वाढतात. म्हणून प्रश्न असा घेऊ : नागपुरातील चार-पाच माणसांच्या कुटुंबाला उघड्या टपाची हौस आहे, पण गाडीत सर्वांना नीट बसताही आले पाहिजे आणि सामानही मावले पाहिजे. त्यांनी काय पाहावे आणि काय टाळावे?

प्रथम टपाचे प्रकार समजून घेऊ. पहिला प्रकार कापडी टपाचा. सांगाड्यावर ताणलेले जाड कापड हाताने किंवा यंत्राने मागे दुमडायचे. दुसरा प्रकार काढघालीच्या कडक टपाचा. पत्र्याचा किंवा फायबरचा टप बोल्ट सोडवून उचलायचा आणि घरी ठेवून जायचे. वाटेत पाऊस आला तर तो टप घरीच असतो, ही त्याची अडचण. तिसरा प्रकार घडीच्या कडक टपाचा; बटण दाबताच पत्र्याचा टप दोन, तीन किंवा अधिक तुकड्यांत दुमडून मागच्या डिकीत जाऊन बसतो. टप लावला की बंद मोटार आणि उघडला की खुली मोटार, असे दोन्ही सुख देणारा हा प्रकार असल्यामुळे लोकांना त्याचे आकर्षण अधिक.

ही युक्ती नवी नाही. जॉर्ज पोलँ नावाच्या एका फ्रेंच दंतवैद्याने ती योजली आणि १९३४ च्या सुमारास पेजो कंपनीने ‘एक्लिप्स’ या नावाने तशा गाड्या विकल्या. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांविरुद्ध गुप्त काम केल्याबद्दल १९४२ मध्ये पोलँला गोळ्या घालण्यात आल्या. त्याची कल्पना मात्र टिकली. अमेरिकेत फोर्ड कंपनीने १९५७ ते १९५९ या तीन वर्षांत ‘स्कायलायनर’ या नावाच्या अशा सुमारे ४८ हजार गाड्या काढल्या. त्या लांबलचक गाडीचा टप मागे गेला की डिकीत सामानासाठी मधोमध एक लहानसे टोपले तेवढे उरे. पुढे १९९६ मध्ये मर्सिडीझच्या ‘एसएलके’ या दोन आसनी गाडीने हा प्रकार पुन्हा लोकप्रिय केला आणि २००० नंतर चार आसनांच्या गाड्याही आल्या.

येथे आपल्या प्रश्नाचे मर्म येते. टप कोठे तरी जाणारच, आणि तो जातो डिकीत. २००६ साली आलेल्या फोक्सवॅगन ‘इऑस’चे उदाहरण घेऊ. टप लावलेला असताना तिच्या डिकीत ३८० लिटर जागा असते. टप आत गेला की ती २०५ लिटर उरते. २००७ च्या बीएमडब्ल्यू तीन-मालिकेतील घडीच्या टपाच्या गाडीत हेच आकडे ३५० आणि २१० आहेत. लिटरचा आकडा डोळ्यांसमोर येत नसेल, तर इतवारीतला पंधरा किलो तेलाचा डबा आठवावा. तो साधारण साडेसोळा लिटरांचा. म्हणजे टप वर असताना इऑसच्या डिकीत तेवीस डब्यांची जागा आणि टप खाली असताना बाराच डब्यांची. शिवाय ही उरलेली जागा सपाट व बुटकी असते. तीत मऊ पिशव्या जातात, कडक पेटी जात नाही. डिकीत एक पडदा असतो. तो ओढून बसवल्याशिवाय टप हलत नाही, आणि सामान त्या पडद्याच्या वर आले तर टप त्यावर येऊन आदळण्याची भीती. तात्पर्य, चार माणसे, चौघांचे सामान आणि उघडा टप या तिन्ही गोष्टी एकाच प्रवासात क्वचितच साधतात. रामटेकला दिवसभर जाऊन यायचे असेल तर प्रश्न नाही. चिखलदऱ्याला चार दिवस राहायला जायचे असेल, तर टप लावूनच निघावे लागेल. हे आधी मान्य असेल तरच पुढे जावे.

दुसरी गोष्ट गाडीच्या मजबुतीची. आगपेटीचे बाहेरचे चौकोनी कवच हातात घेऊन पिळून पाहा; ते सहजी पिळत नाही. आतले उघडे खोके घ्या; ते लगेच वाकडे होते. आजच्या बहुतेक मोटारी त्या कवचासारख्या असतात; टप, खांब आणि तळ मिळून एकच पेटी होते आणि तीच भार घेते. टप काढला की ती पेटी दुबळी होते. म्हणून कारखानदार दारांखालच्या पट्ट्या आणि तळ जाड करतात, आणि गाडीचे वजन वाढते. जीप, जिप्सी, थार यांची रचना वेगळी. त्यांच्या खाली शिडीसारखी लोखंडी चेसी असते. भार ती घेते, टप केवळ छत्री म्हणून असतो. म्हणूनच या गाड्यांचा टप काढला तरी गाडीचे अंग फारसे ढिले पडत नाही. आपल्याकडे उघडी गाडी म्हटली की जीपच आठवते, त्यामागे हे एक कारण आहे.

आता नागपूरच्या बाजारात हाताशी काय येते ते पाहू.

पहिली मारुती जिप्सी. ती १९८५ च्या अखेरीस आली आणि २०१९ च्या सुमारास तिचे उत्पादन थांबले. कापडी टप आणि कडक टप अशा दोन्ही रूपांत ती मिळे. ताडोबा, पेंच, उमरेड-कऱ्हांडला येथील जंगलफेऱ्यांमुळे आपल्या भागात तिची ओळख घरोघर आहे. १९९६ मध्ये तिला १३०० सीसीचे मोठे इंजिन मिळाले. जुनी घेताना त्यापुढचीच पाहावी. यंत्र साधे आणि चिवट. परंतु पुढे-मागे पाट्यांच्या स्प्रिंगा असल्यामुळे ती खड्ड्यांत आपटते, पेट्रोलही बरेच पिते, आणि पुष्कळ गाड्यांत मागची बाकडी समोरासमोर असतात. आडव्या बाकावर बसलेल्या माणसाला जोराच्या ब्रेकच्या वेळी पाठीचा आधार नसतो. लहान मुले आणि म्हातारी माणसे त्या बाकावर नकोत.

दुसरी महिंद्र थार, आपल्या नाशिकच्या कारखान्यात तयार झालेली. २०१० ची पहिली थार कापडी टपाची आणि समोरासमोर बाकड्यांची. २०२० मध्ये आलेल्या दुसऱ्या आवृत्तीत कडक टप आणि घडीचा कापडी टप असे वेगवेगळे प्रकार मिळाले आणि मागची दोन आसने पुढे तोंड करून आली. त्याच वर्षी ग्लोबल एनकॅपच्या धडक-चाचणीत तिला चार तारे मिळाले. कुटुंबासाठी उघड्या टपाची जुनी गाडी घ्यायची, तर माझ्या मते ही निवड सर्वांत व्यवहारी. तिच्या उणिवाही सांगितल्या पाहिजेत : दारे दोनच, मागे जायला पुढचे आसन वाकवावे लागते, आणि मागे दोन माणसे बसली की डिकी म्हणण्याजोगी जागा उरत नाही. पाच माणसांच्या घराला ती पुरणार नाही.

तिसऱ्या, घडीच्या कडक टपाच्या परदेशी गाड्या. त्या थोड्याच, आणि बहुधा मुंबई, पुणे किंवा दिल्लीहून येतात. त्यांतील एसएलकेसारख्या दोन आसनी गाड्या कुटुंबाच्या प्रश्नातून आपोआपच गळतात. चार आसनांची मिळाली, तर किंमत मूळच्या मानाने फार उतरलेली दिसते. पण दुरुस्तीचा खर्च उतरत नाही. तो नव्या गाडीच्या भावानेच होतो, आणि टपाचा पंप किंवा मोटर बिघडली तर सुटा भाग परदेशातून मागवावा लागतो. अशी गाडी घेताना तिच्या किमतीचा काही हिस्सा दुरुस्तीसाठी बाजूला काढून ठेवण्याची तयारी हवी.

नागपूरच्या हवेचा विचार केल्यावाचून मात्र कोणतीच गाडी ठरवू नये. येथे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. काही वर्षी तो ४७ च्याही पुढे गेला आहे. त्या उन्हात टपाभोवतीचे रबर कडक होऊन तडकते, कापड विरते, प्लॅस्टिकची मागची खिडकी पिवळी पडते. पण हे सारे उन्हाळ्यात कळत नाही. जूनअखेरीस पाऊस लागला की गाडीत पाणी गळू लागते. म्हणून मे महिन्यात घेतलेल्या गाडीची पावसाची परीक्षा मे महिन्यातच घ्यावी. नळाची नळी लावून दहा मिनिटे टपावर, काचांच्या कडांवर आणि मागच्या जोडांवर पाणी सोडावे. मग पायाखालचे गालिचे उचलून हात लावावा. डिकीतील जादा चाकाच्या खड्ड्यात पाहावे. ओल, गंज किंवा कुबट वास आला, तर गाडी पूर्वीही भिजलेली आहे असे समजावे. टपाच्या कडेने पाणी वाहून जाण्यासाठी बारीक नळ्या असतात. त्या पाचोळ्याने तुंबतात. त्या साफ आहेत की नाहीत, हे मिस्त्रीकडून पाहून घ्यावे.

टप घडीचा असेल तर तो तीनदा उघडून बंद करून पाहावा. एकदा सकाळी गाडी थंड असताना, एकदा उन्हात तापल्यावर. मध्येच अडखळणे, करकर आवाज येणे, किंवा डिकीच्या बाजूंना तेलाचे ओघळ दिसणे ही खर्चाची सूचना आहे. टप दुमडताना तो वर उचलला जातो. तेव्हा आपल्या गॅरेजच्या छताची उंचीही मोजून घ्यावी. अंगाच्या मजबुतीसाठी टप उघडून गाडी गतिरोधकावरून तिरपी न्यावी. पुढच्या काचेची चौकट आणि आतला आरसा थरथरत राहिला, तर अंग ढिले झाले आहे. एक चाक फुटपाथच्या कडेवर चढवून दार उघडावे व लावावे. दार अडले, तर गाडीला अपघात झालेला असू शकतो.

आसनांची परीक्षा विकणाऱ्याच्या सांगण्यावर नव्हे, घरच्या माणसांवर घ्यावी. घरातील सर्वांत उंच माणूस पुढे बसवून आसन त्याच्या सोईने सरकवावे, आणि मग त्याच्या मागे दुसऱ्या मोठ्या माणसाने बसावे. घडीच्या टपाच्या गाड्यांत मागची पाठ उभी असते. गुडघे आणि डोके दोन्ही अडतात. आजीला किंवा गुडघेदुखीच्या माणसाला मागे चढता-उतरता येते का, हे प्रत्यक्ष पाहावे. संकोचाने त्या नाही म्हणत नाहीत आणि नंतर गाडीत बसण्याचेच टाळतात. प्रत्येक आसनाला पट्टा हवा आणि तो चालता हवा. उघड्या गाडीत मुलांना उभे राहू देऊ नये. रस्त्यावरच्या एका अचानक ब्रेकला ती बाहेर फेकली जातात. सामानासाठी नेहमीच्या प्रवासाच्या बॅगा घेऊनच गाडी पाहायला जावे आणि टप वर व खाली, दोन्ही स्थितींत त्या ठेवून पाहाव्यात.

शेवटी कागदपत्रे. उघड्या गाड्यांच्या बाबतीत ही बाब सर्वांत नाजूक आहे, कारण यांच्या टपात आणि बाकांत फेरफार झालेले फार असतात. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या ५२ व्या कलमाने कारखान्याच्या मूळ रचनेत बदल करण्यावर बंधन घातले आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे बंधन स्पष्ट शब्दांत उचलून धरले. म्हणून आर. सी. बुकात लिहिलेला गाडीचा प्रकार, रंग आणि आसनसंख्या समोरच्या गाडीशी जुळते का ते पाहावे. बाजारात कापलेला टप किंवा मागाहून चढवलेले फायबरचे छत दिसले, तर विकणाऱ्याला तो बदल नोंदवला आहे का, असे विचारावे. धडक-चाचणीतले तारे कारखान्याने केलेल्या अंगाला मिळालेले असतात, गल्लीत कापलेल्या गाडीला नव्हे. अपघातानंतर विमा कंपनीही हाच प्रश्न काढते. जंगलफेरीची जिप्सी असेल, तर ती पिवळ्या पाटीची, भाड्याची गाडी असते. ती खासगी करून घेण्याची प्रक्रिया पुरी झाल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

मालकी बदलण्यासाठी नमुना २९ आणि ३० भरतात. गाडी दुसऱ्या कार्यालयाच्या हद्दीतली असेल तर नमुना २८ चे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. कर्ज असेल तर बँकेचा बोजा नमुना ३५ ने उतरवावा लागतो. दिल्लीत २०१५ च्या हरित लवादाच्या आदेशानंतर जुन्या डिझेल-पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आले, तेव्हापासून तिकडच्या पुष्कळ स्वस्त गाड्या इतर प्रांतांत येऊ लागल्या. अशी गाडी घेताना महाराष्ट्राचा कर आणि उरलेल्या नोंदणीची वर्षे हिशेबात धरावीत. खासगी गाडीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची असते. विमा आपल्या नावे करण्याचा अर्ज चौदा दिवसांत करावा. चेसीचा क्रमांक स्वतः वाचून आर. सी. शी ताडावा; हे काम दलालावर सोपवू नये.

एवढे पाहून निवड करायची, तर ती अशी होईल. दोघांचा संसार असेल आणि खर्चाची ऐपत असेल, त्याने घडीच्या टपाची परदेशी गाडी जरूर पाहावी. दोन मुलांच्या कुटुंबाने २०२० नंतरची, कारखान्याच्या मूळ टपाची थार पाहावी आणि लांबच्या प्रवासाचे सामान मर्यादित ठेवावे. जिप्सी ज्याला यंत्राची आवड आहे आणि मिस्त्री हाताशी आहे, त्यानेच घ्यावी. आणि ज्या घरात पाच-सहा माणसे एकत्र प्रवास करतात, त्यांनी बंद टपाची मोठी गाडी घेऊन उघड्या गाडीची हौस वर्षातून एकदा ताडोबाच्या फेरीत भागवावी. त्यात पैसाही वाचेल आणि आजीबाईही बरोबर येऊ शकतील.