आंब्याची जाड फांदी तीन कापांत उतरवा

जुन्या आंब्याची छाटणी करताय? जाड फांदी वरून एकाच कापात पाडू नका. ती वजनाने कलते, खोडाची साल सोलत नेते. त्या जखमेत खोडकिडा शिरतो.

पहिला काप : खोडापासून फूटभर अंतरावर, खालून पाव जाडीपर्यंत.
दुसरा : त्याच्या थोडं पुढे, वरून. फांदी सुटेल.
तिसरा : उरलेला खुंट कापा, बुडाचं फुगीर कडं मात्र तसंच राखा.

जखमेवर लगेच बोर्डो पेस्ट लावा : मोरचूद १ किलो, कळीचा चुना १ किलो, पाणी १० लिटर.

चढणाऱ्याचा दोर कापायच्या फांदीला नको, पक्क्या खोडाला बांधा. खाली कुणी थांबू नये. जवळून वीजतार जात असेल तर आधी वायरमनकडून लाइन बंद करून घ्या. झाड पुन्हा फुटेल, माणूस सांभाळा.