नॅटोकायनेज : सोयाबीनच्या कॅप्सूलनं बीपी खरंच उतरतं का?

"गोळीपेक्षा हे बरं, सोयाबीनपासून बनलंय, नैसर्गिक आहे." मेडिकलच्या काउंटरवर, ऑनलाइन दुकानात आणि घरातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हल्ली हे वाक्य बरंच फिरतंय. डब्यावर नाव असतं नॅटोकायनेज. दावा असतो रक्ताभिसरण सुधारण्याचा, बीपी आटोक्यात ठेवण्याचा. वाचक विचारतात की हे घ्यावं का, आणि घेतलं तर चालू असलेली बीपीची गोळी सोडता येईल का. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधीच देऊन टाकतो : नाही. पहिल्या प्रश्नाचं उत्तर जरा सविस्तर द्यावं लागेल.

नॅटोकायनेज हे नाव नात्तो या जपानी पदार्थावरून आलंय. (लष्करी 'नाटो'शी त्याचा काही संबंध नाही!) सोयाबीन भिजवायचं, वाफवायचं, त्यात बॅसिलस सबटिलिस नावाच्या जिवाणूचं विरजण घालायचं आणि साधारण दिवसभर उबेला ठेवायचं. पूर्वी हे भाताच्या पेंढ्यात गुंडाळून करत. तयार झालेल्या नात्तोला चिकट तार सुटते आणि वासही उग्र येतो. आपल्याकडे वरणाला तार सुटली की आपण ते टाकून देतो. जपानी माणूस सकाळच्या गरम भातावर तेच आवडीनं घेतो. आपल्या देशातही असे पदार्थ आहेत. नागालँडचं आखुनी, सिक्कीम-दार्जिलिंगकडचं किनेमा, मणिपूरचं हवाईजार ही सगळी त्याच घराण्यातली. आपलं इडली-डोशाचं पीठ मात्र वेगळं. तिथं काम करणारे जिवाणू वेगळे असतात आणि पीठ आंबट होतं, त्यामुळे "आम्ही डोसे खातोच की" हा युक्तिवाद इथं लागू पडत नाही.

सोयाबीन आपल्याला काही नवं नाही. इंदूरच्या बाजूला माळव्यात आणि इकडे बेळगाव जिल्ह्यातही खरिपाला ते सर्रास घेतात. पण ते जातं तेलाला आणि पेंडीला. सोया चंक्स, सोया दूध किंवा सोया तेल यांत नॅटोकायनेज नसतं. ते मूळ दाण्यात नसतंच, आंबवताना तो जिवाणू ते तयार करतो. त्यामुळे "सोयाबीन खाल्लं की बीपी कमी" हा मेसेज पुढं पाठवू नका.

हिरोयुकी सुमी या जपानी संशोधकानं हे एन्झाइम शोधलं आणि १९८७ साली त्यावर शोधनिबंध लिहिला. रक्त गोठतं तेव्हा फायब्रिन नावाच्या तंतूंचं जाळं तयार होतं. नात्तोतलं एन्झाइम ते जाळं विरघळवतं असं त्यांना प्रयोगशाळेत दिसलं. म्हणजे मूळ शोध गुठळीबद्दलचा होता, बीपीची गोष्ट नंतर जोडली गेली.

ती कशी जोडली गेली? मूत्रपिंडातून रेनिन नावाचा पदार्थ रक्तात येतो. त्यातून पुढं जी साखळी चालते, ती रक्तवाहिन्या आवळते आणि बीपी वाढवते. टेल्मिसार्टन, एनालाप्रिल या नेहमीच्या गोळ्या याच साखळीत कुठेतरी अडसर घालतात. नॅटोकायनेजही तिथंच थोडं काम करत असावं असा अंदाज आहे, आणि उंदरांवरच्या प्रयोगांत तसे संकेतही मिळाले. आता यातली मेख बघा. एन्झाइम म्हणजे प्रथिन, आणि प्रथिन पोटात गेलं की पचतं. मग ते अखंड रक्तात किती पोचतं आणि तिथं किती वेळ टिकतं, हा प्रश्न आजही पुरता सुटलेला नाही.

माणसांवर काय दिसलं? दुकानदार जो दाखला देतात तो बहुतेक वेळा २००८ साली प्रसिद्ध झालेल्या कोरियातल्या अभ्यासाचा असतो. वरचं बीपी १३० ते १५९ असलेली ८६ माणसं त्यात घेतली होती. निम्म्यांना रोज २००० एफयू नॅटोकायनेज दिलं आणि उरलेल्यांना तशीच दिसणारी पोकळ कॅप्सूल. आठ आठवड्यांनी ७३ जण उरले. पोकळ कॅप्सूलवाल्यांशी तुलना करता वरचं बीपी सरासरी ५.५५ नं आणि खालचं २.८४ नं जास्त उतरलेलं आढळलं. पोकळ कॅप्सूलचा गट का लागतो, तर नुसतं "औषध चालू आहे" या भावनेनं आणि वारंवार मोजल्यानंही आकडा खाली येतो. तो हिशेब वजा केल्यावर जे उरतं तेच खरं.

२०१६ साली अमेरिकेतून अशाच आकाराचा आणखी एक अभ्यास आला. ७४ माणसं, तेही आठ आठवडे, रोज १०० मिलिग्रॅम. खालचं बीपी सरासरी ८७ वरून ८४ वर आलं, पोकळ कॅप्सूलवाल्यांचं ८७ वरच राहिलं. फरक आहे, पण छोटा.

जाहिरातीत न दिसणारा अभ्यास २०२१ चा आहे. कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी २६५ निरोगी माणसांना साधारण तीन वर्षं नॅटोकायनेज किंवा पोकळ कॅप्सूल दिली. डोस तोच, २००० एफयू. मानेच्या रक्तवाहिनीचं जाड होणं थांबतं का, हे त्यांना मुख्यतः बघायचं होतं. ते थांबलं नाही, आणि बीपीतही फरक पडला नाही. न्यायानं सांगायचं तर ही माणसं बीपीचे रुग्ण म्हणून निवडलेली नव्हती, त्यामुळे कोरियाचा निकाल यानं पूर्ण खोडला जात नाही. पण माणसं जास्त आणि काळ कितीतरी मोठा, तेव्हा या अभ्यासाचं वजन आठ आठवड्यांच्या अभ्यासापेक्षा जास्तच धरावं लागेल. माझ्या मते आजचा निष्कर्ष इतकाच निघतो : थोडंसं वाढलेलं बीपी थोडंसं उतरू शकतं, खात्री नाही. आणि हार्ट अटॅक किंवा पॅरालिसिस यानं टळतो असं कुठल्याही अभ्यासानं दाखवलेलं नाही. बीपीच्या नेहमीच्या गोळ्यांबाबत ते दाखवलं गेलंय, तेही हजारो रुग्णांवर.

आता धोक्याचं बोलू. या कॅप्सूलचा मूळ गुण गुठळी विरघळवण्याचा. त्यामुळे ज्यांना रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, म्हणजे अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफेरिन किंवा अ‍ॅसेनोकुमरॉल, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हिला हातही लावू नये. अ‍ॅस्पिरिनसोबत नॅटोकायनेज घेणाऱ्या एका महिलेच्या मेंदूत रक्तस्राव झाल्याची नोंद २००८ सालच्या वैद्यकीय नियतकालिकात आहे. दुसरी नोंद उलट्या बाजूची आहे. हृदयात कृत्रिम झडप बसवलेल्या एका रुग्णानं वॉरफेरिन स्वतःच बंद केलं आणि त्याऐवजी सुमारे वर्षभर नॅटोकायनेज घेतलं. झडपेवर गुठळी झाली आणि पुन्हा ऑपरेशन करावं लागलं. म्हणजे औषधाबरोबर घेतलं तर रक्त जास्त वाहू शकतं, आणि औषधाच्या जागी घेतलं तर पुरं पडत नाही.

यात आणखी एक गुंता आहे. मूळ नात्तो या पदार्थात व्हिटॅमिन के भरपूर असतं आणि ते वॉरफेरिनचं काम हाणून पाडतं. कॅप्सूल बनवताना ते सहसा काढून टाकतात, पण सगळेच काढतात असं नाही. तुमच्या डब्यावर तसं लिहिलंय का, ते बघा. सोयाबीनची अ‍ॅलर्जी असेल तर प्रश्नच मिटला. काही डब्यांत नॅटोकायनेजबरोबर लाल यीस्टचा तांदूळही मिसळलेला असतो. जपानमध्ये २०२४ साली याच लाल यीस्टच्या गोळ्या घेतलेल्या लोकांना मूत्रपिंडाचे विकार झाले आणि माल बाजारातून परत बोलवावा लागला. दोष त्या मालातल्या भेसळीचा होता, नॅटोकायनेजचा नव्हे. पण डब्यात काय काय आहे हे वाचायची सवय त्यासाठीच हवी.

वाचायचं म्हटलं तर आपल्याकडे अडचण भाषेची. लेबल इंग्रजीत, फार तर हिंदीत. बेळगाव-निपाणीकडे सरकारी दवाखान्यातली सूचना कानडीत. सत्तरीतल्या आजी-आजोबांना मराठीपलीकडचं वाचता येत नसेल, तर घरातल्या कुणीतरी बसून वाचून दाखवलं पाहिजे. तीन गोष्टी शोधा. एफएसएसएआयचा १४ अंकी लायसन्स नंबर. 'औषधी वापरासाठी नाही' या अर्थाची इंग्रजी ओळ. कायद्यानं हे पूरक अन्न आहे, औषध नव्हे, आणि आजार बरा करण्याचा दावा त्याला करता येत नाही. तिसरी, एफयूचा आकडा. एफयू म्हणजे एन्झाइमची ताकद, आणि साधारण १०० मिलिग्रॅममध्ये २००० एफयू धरतात. नुसते मिलिग्रॅम छापलेल्या डब्यावरून ताकद कळत नाही.

कॉमर्सवाला असल्यानं हिशेब केल्याशिवाय राहवत नाही. समजा डबा १२०० रुपयांचा, आत ६० कॅप्सूल, रोज एक. दिवसाला २० रुपये, वर्षाला ७३०० रुपये. अ‍ॅम्लोडिपिनची पट्टी जनऔषधी केंद्रात काही रुपयांत मिळते, सरकारी आरोग्य केंद्रात बहुतेक ठिकाणी फुकट. आणि बीपी वाढलेल्या माणसानं दिवसाचं मीठ चार-साडेचार ग्रॅमनं कमी केलं तर वरचं बीपी सरासरी पाचच्या आसपास उतरतं, असं अनेक अभ्यास एकत्र करून दिसलंय. म्हणजे कोरियातल्या कॅप्सूलइतकंच, तेही वाणसामानाचं बिल कमी करून. आपण भारतीय सरासरी आठ ग्रॅम मीठ खातो, जागतिक आरोग्य संघटना सांगते पाचच्या आत. बेळगावात लोणचं-पापड, इंदुरात शेव, गोव्यात सुकी मासळी : जास्तीचं मीठ कुठून येतं ते ज्याचं त्यानं बघावं.

सगळ्यात जास्त काळजी वाटते ती गोळी सोडणाऱ्यांची. "बीपी नॉर्मल आलंय, आता कॅप्सूलवर भागेल" असं म्हणणारे घरोघरी आहेत. अहो, ते नॉर्मल आलंय गोळीमुळेच! गोळी बंद केल्यावर बीपी हळूहळू चढतं आणि बहुतेकांना ते कळतही नाही, डोकं दुखत नाही की चक्कर येत नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीत ३५.५ टक्के प्रौढांना उच्च रक्तदाब आढळला. इतक्या घरांचा हा प्रश्न आहे.

तरीही घ्यायचंच असेल, बीपी थोडंच वाढलेलं असेल, रक्त पातळ करायची गोळी नसेल आणि डॉक्टरांची हरकत नसेल, तर आधी आठवडाभर घरच्या मशीनवर बीपी मोजून वहीत लिहा. पाच मिनिटं शांत बसून, पाठ टेकून, हात छातीच्या उंचीवर ठेवून, सकाळ-संध्याकाळ. मग कॅप्सूल सुरू करा आणि आठ आठवड्यांनी तसंच आठवडाभर पुन्हा मोजा. आकडा तिथंच असेल तर पुढचा डबा घेऊ नका. मधल्या काळात दात काढायचा असेल किंवा कसलंही ऑपरेशन ठरलं, तर डबा सोबत नेऊन डॉक्टरांना दाखवा आणि किती दिवस आधी बंद करायचं ते त्यांनाच विचारा.