निर्वासितांना वसवण्याचं काम: सुरुवात कुठून करावी

निर्वासितांना नव्या देशात वसवण्याचं काम आयुष्यभर करावं असं आपल्या मनात असेल, तर ते चालतं कसं, हे आधी पाहू. उदाहरण घेऊ भूतान सोडावं लागलेल्या नेपाळीभाषक ल्होत्शांपांचं. पूर्व नेपाळच्या झापा आणि मोरंग जिल्ह्यांतल्या छावण्यांमध्ये त्यांची पंधराहून अधिक वर्षं गेली. २००७ नंतर त्यांतले लाखाहून अधिक लोक दुसऱ्या देशांत गेले, बहुतेक अमेरिकेत.

पहिला टप्पा छावणीतला. संयुक्त राष्ट्रांची निर्वासितांसाठीची संस्था, यूएनएचसीआर, नोंदणी करते, मुलाखती घेते, नावं सुचवते. कोणाला घ्यायचं, ते मात्र स्वीकारणारा देशच ठरवतो. जगभरातल्या निर्वासितांपैकी वर्षाला एक टक्क्याहूनही कमी लोकांना ही संधी मिळते. म्हणून 'तुमचं काम होऊन जाईल' असं आपण कुणालाही, धीर देण्यासाठीसुद्धा, म्हणू नये.

दुसरा टप्पा विमानतळावर सुरू होतो. तिथे केसवर्कर, म्हणजे त्या कुटुंबाचं सगळं पाहणारा कार्यकर्ता, हजर असतो. घर आधीच बघून ठेवलेलं असतं. त्यात अंथरूण-पांघरूण, भांडीकुंडी आणि त्यांच्या ओळखीच्या चवीचं तयार जेवण असतं.

मग, अमेरिकेतल्या पद्धतीप्रमाणे, पहिले नव्वद दिवस. सरकारी क्रमांक मिळवणं, आरोग्य तपासणी, मुलांची शाळा, इंग्रजीचा वर्ग, नोकरीचा शोध. विमानभाड्याचं कर्ज बिनव्याजी असलं तरी फेडायचं असतं. हे पहिल्याच आठवड्यात समजावून सांगावं.

नवे कार्यकर्ते चुकतात ते इथेच. दुभाषा मिळाला नाही की ते घरातल्या मुलाला पुढे करतात. आईचं दुखणं बारा वर्षांच्या मुलानं डॉक्टरांना सांगायचं, हे दोघांवरही अन्याय करणारं आहे. भेट पुढे ढकलावी लागली तरी चालेल. दुसरी चूक प्रेमापोटी होते: प्रत्येक अर्ज आपणच भरायचा, बसनं कुठे जायचं असेल तर आपणच गाडीनं सोडायचं. नव्वदाव्या दिवशी कुटुंब जिथल्या तिथेच असतं. पहिल्यांदा आपण सोबत जावं, दुसऱ्यांदा मागे बसावं, तिसऱ्यांदा त्यांना एकट्यानं जाऊ द्यावं.

घर आणि नोकरी मिळाली म्हणजे माणूस रुजला, असंही नाही. २००९ ते २०१२ या काळात अमेरिकेत वसलेल्या भूतानी निर्वासितांमध्ये आत्महत्येचं प्रमाण लाखामागे सुमारे २० होतं. त्या देशाचं एकूण प्रमाण १२ च्या आसपास. भाषेची अडचण, मागे राहिलेल्या नातलगांची काळजी, कुटुंबाची ताटातूट, हे सारं या आत्महत्यांच्या अभ्यासात पुढे आलं. त्यामुळे नोंदवहीतले सगळे रकाने भरल्यावरही घरी जाऊन चहा प्यावा, असं मला मनापासून वाटतं.

पुढे संस्था चालवायची वेळ आली, की प्रश्न पैशांचा असतो. अमेरिकेत सरकारी निधी येणाऱ्या माणसांच्या संख्येवर मिळत असे. २०१६ मध्ये वर्षाची मर्यादा ८५,००० होती, २०२० मध्ये ती १८,००० वर आली आणि कार्यालयं बंद पडली. जानेवारी २०२५ मध्ये तर प्रवेशच थांबवला गेला. एकाच निधीवर संस्था उभी करू नये. गावातले देणगीदार, प्रार्थनास्थळं, नोकरी देणारे कारखाने आधीपासून जोडून ठेवावेत.

पदवी समाजकार्याची असली तर उपयोगच होतो. पण आपल्याला निर्वासितांची एखादी भाषा येत असेल, तर आधी सहा महिने दुभाषा म्हणून काम करावं, आणि मगच केसवर्करच्या नोकरीसाठी अर्ज करावा.