फाइल एक, पासवर्ड तीन वेळा : दोष कोठे आणि उपाय काय?

आजकाल व्यापारात वही-खाते कमी आणि कॉम्प्युटर जास्त झाला आहे. आमच्या सोलापुरातही चाटी गल्लीच्या पेढीपासून अक्कलकोट रोड एमआयडीसीतील टॉवेल कारखान्यापर्यंत दरपत्रक, स्टॉक आणि उधारीचा हिशेब कार्यालयातील एका मोठ्या कॉम्प्युटरवर, म्हणजे सर्व्हरवर ठेवला जातो. तो हिशेब पाहण्यासाठी कार्यालयापुरतीच एक साइट असते. तिला इंट्रानेट म्हणतात. सोय चांगली आहे, पण तिच्यात एक त्रास हमखास होतो. साइट उघडते, फाइलचे नाव दिसते, त्यावर क्लिक केले की पुन्हा नाव आणि पासवर्ड विचारला जातो. एकदा नाही, दोन-तीन वेळा.

हा त्रास लहान समजू नये. माझ्या पेढीवर एकदा बाहेरगावच्या ग्राहकाने फोनवर टॉवेलचा दर विचारला. मुलगा दरपत्रक उघडू लागला. तीन वेळा पासवर्ड विचारला गेला, तेव्हा कंटाळून त्याने टेबलावरच्या जुन्या छापील कागदावरून दर सांगून टाकला. मध्यंतरी सूत महागले होते. पण जबान दिली म्हणजे दिली. माल जुन्या दराने द्यावा लागला. त्यानंतर मी जाणकारांना विचारून या गोष्टीच्या मुळाशी गेलो. जे समजले ते व्यापारी बंधूंच्या उपयोगासाठी मांडत आहे.

असे का होते?

पासवर्ड चुकला म्हणून असे होते, हा गैरसमज आहे. साइट दाखवणारा ब्राउझर वेगळा आणि फाइल उघडणारा एक्सेल किंवा वर्ड वेगळा. तुम्ही गेटवर ओळख दिली आणि आत आलात. मग माल आणायला हमालाला गोदामात पाठवले. गोदामाच्या दारावरचा पहारेकरी हमालाला ओळखत नाही, म्हणून तो पुन्हा चिठ्ठी मागतो. एक्सेल हा तो हमाल. ब्राउझर त्याला फक्त पत्ता देतो, ओळख देत नाही. शिवाय फाइल बदलण्यासाठी उघडायची असेल तर एक्सेल फाइलबरोबर तिच्या फोल्डरचीही चौकशी करतो. म्हणून एका फाइलसाठी अनेक वेळा विचारणा होते.

विंडोज ही ओळख आपणहून देऊ शकते, पण साइट घरची आहे अशी खात्री असेल तरच. ही खात्री ती पत्त्यावरून करते. पत्ता एकाच शब्दाचा असेल तर ती त्याला घरचा मानते. पत्त्यात टिंब असेल, उदाहरणार्थ १९२.१६८.१.१० असा आकड्यांचा पत्ता, तर ती त्याला बाहेरचा समजते. मग सर्व्हर शेजारच्या खोलीत का असेना!

आधी तपासणी

विचारणा आल्यावर ‘कॅन्सल’ दाबून पाहा. तरीही फाइल उघडली, तर बहुधा तुमचा पासवर्ड आणि वाचण्याची परवानगी ठीक आहे, अडचण ओळख पोहोचवण्याची आहे. मग तीच फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडा. तेथे त्रास नसेल तर दोष तुमच्या कॉम्प्युटरच्या मांडणीत आहे. सगळीकडे त्रास असेल तर सर्व्हर सांभाळणाऱ्याला बोलवा.

उपाय

१) कंट्रोल पॅनलमध्ये ‘इंटरनेट ऑप्शन्स’ उघडा. तेथे ‘सिक्युरिटी’, मग ‘लोकल इंट्रानेट’, ‘साइट्स’ आणि ‘ॲडव्हान्स्ड’ येथे जाऊन कार्यालयाच्या साइटचा पत्ता जोडा. पत्ता ‘एचटीटीपीएस’ने सुरू होत नसेल तर खालची खूण काढावी लागते. इंटरनेट एक्सप्लोरर २०२२ मध्ये बंद झाला, तरी ही मांडणी विंडोजमध्ये आहे आणि एज व क्रोमही ती मानतात. बहुतेक ठिकाणी एवढ्यानेच काम होते.

२) त्याच जागी ‘कस्टम लेव्हल’मध्ये अगदी शेवटी ‘लॉगऑन’ आहे. तेथे फक्त इंट्रानेटसाठी आपोआप ओळख देण्याचा पर्याय निवडा. सर्व साइटना ओळख देण्याचा पर्याय चुकूनही निवडू नका. ते म्हणजे तिजोरीची किल्ली वाटेवरच्या माणसाला देणे होय.

३) पासवर्ड बदलल्यानंतर त्रास सुरू झाला असेल तर कंट्रोल पॅनलमधील ‘क्रेडेन्शियल मॅनेजर’ पाहा. जुना पासवर्ड तेथे साठलेला असतो आणि कॉम्प्युटर तोच पुढे करत राहतो. ती नोंद काढून टाका.

४) लहान पेढीत कॉम्प्युटरवरचे नाव एक आणि सर्व्हरवरचे दुसरे असते. मग आपोआप दिलेली ओळख सर्व्हरला पटत नाही. सर्व्हरचे नाव आणि पासवर्ड ‘क्रेडेन्शियल मॅनेजर’मध्ये एकदा नोंदवावा.

५) मोठ्या कार्यालयात, जेथे सर्व कॉम्प्युटर एका डोमेनला जोडलेले असतात, तेथे घड्याळही पाहा. कॉम्प्युटर आणि सर्व्हर यांच्या वेळेत ५ मिनिटांपेक्षा जास्त फरक असेल तर ओळख नाकारली जाऊ शकते.

हे सर्व करून भागले नाही तर पुढची दुरुस्ती रजिस्ट्रीत असते. तेथे आपण हात घालू नये, जाणकारालाच बोलवावे.

खरा धोका

शेवटी महत्त्वाची गोष्ट. विचारणेला कंटाळून आपण काय करतो? पासवर्ड चिठ्ठीवर लिहून स्क्रीनला चिकटवतो, किंवा सगळ्यांचा एकच पासवर्ड ठेवतो. माझ्याकडेही हेच चालले होते. मग दर कोणी बदलला, उधारी कोणी खोडली, हे कळत नाही. एखाद्या भल्या नोकरावर उगाच संशय येतो. दुसरे असे की, दिवसातून वीस वेळा पासवर्ड टाकणाऱ्या माणसाला कोण विचारतो आहे हे पाहण्याची सवय राहत नाही. फसवणूक करणारा ईमेलमधून तशीच चौकट पाठवतो आणि आपला माणूस सवयीने पासवर्ड लिहून देतो.

म्हणून पुन्हा पुन्हा पासवर्ड टाकणे हा या रोगाचा इलाज नव्हे. अर्धा तास काढून मांडणी दुरुस्त करा आणि स्क्रीनवरची चिठ्ठी आजच फाडून टाका. मग चौकट अचानक आली तर कामकरी माणूस थांबेल आणि विचारेल, ‘हे कोण मागत आहे?’