चाऱ्यातून जनावरांना सूक्ष्म खनिजे

गाय वेळेवर माजावर येत नाही, वासराची वाढ खुंटते, अंगावरील केस निस्तेज होतात, अशा तक्रारी घेऊन अनेक पशुपालक पशुवैद्यकीय दवाखान्यात येतात. वैरण पोटभर असताना असे का घडावे, याचे त्यांना नवल वाटते. यामागे अनेक कारणे संभवतात. तथापि वैरण ज्या मातीत उगवते त्या मातीतील उणीव हे त्यांपैकी एक महत्त्वाचे कारण होय.

अल्प मात्रा, मोठे कार्य

जस्त, तांबे, मँगनीज, कोबाल्ट, आयोडीन, सेलेनियम ही द्रव्ये जनावरांस अत्यल्प प्रमाणात लागतात. म्हणून त्यांस सूक्ष्म खनिजे म्हणतात. एक किलो कोरड्या चाऱ्यात जस्त सुमारे ३० ते ४० मिलिग्रॅम, तांबे सुमारे १० मिलिग्रॅम, तर कोबाल्ट ०.१ ते ०.२ मिलिग्रॅम असले तरी साधारणतः पुरते. जस्तावर त्वचा, खूर व प्रजननशक्ती अवलंबून असते. तांब्याच्या अभावी रक्त कमी होते व केसांचा रंग उडतो. कोठीपोटातील सूक्ष्म जीव कोबाल्टापासून ब-१२ जीवनसत्त्व तयार करतात.

गोव्यातील जांभ्या जमिनीतून मुसळधार पावसाबरोबर अन्नद्रव्ये वाहून जातात. घाटावरील चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत जस्त असले तरी ते मुळांना सहजासहजी मिळत नाही. मातीत जे उणे, ते चाऱ्यातही उणे पडते. केवळ भाताच्या पेंढ्यावर जनावर पोसल्यास ही उणीव अधिक जाणवते.

फिनलंडचा अनुभव

फिनलंडच्या जमिनीतून पिकांना सेलेनियम फारच कमी मिळत असे आणि वासरांना स्नायूंचा विकार जडत असे. तेथील शासनाने १९८४ साली रासायनिक खतांत सेलेनियम मिसळण्याचा निर्णय घेतला. चारापिकांच्या खतात किलोमागे अवघे ६ मिलिग्रॅम सेलेनियम असे. त्यायोगे चाऱ्यातील, पर्यायाने दुधातील व मांसातील सेलेनियम वाढले. पुढे पिकांची वरचेवर तपासणी करून हे प्रमाण वेळोवेळी बदलण्यात आले.

आपण काय करावे?

प्रथम माती परीक्षण करून घ्यावे. २०१५ साली सुरू झालेल्या मृद् आरोग्य पत्रिका योजनेत जस्त, तांबे, लोह, मँगनीज व बोरॉन यांचीही तपासणी अंतर्भूत आहे. जस्ताची कमतरता आढळल्यास चाऱ्याच्या मक्यास पेरणीच्या वेळी हेक्टरी २५ किलो झिंक सल्फेट द्यावे. ते स्फुरदयुक्त खतात मिसळू नये. उभ्या पिकावर फवारावयाचे असल्यास १०० लिटर पाण्यात ५०० ग्रॅम झिंक सल्फेट व २५० ग्रॅम चुन्याची निवळी घ्यावी. फवारणीनंतर लगेच चारा कापू नये. मक्यासोबत चवळीसारखे द्विदल पीक घेतल्यास वैरण अधिक सकस होते.

अतिरेक टाळा

थोड्याने लाभ होतो म्हणून अधिकाने अधिक लाभ होईल, हा समज घातक आहे. पंजाबमधील होशियारपूर व नवांशहर भागांत काही जमिनींत सेलेनियम मुळातच जास्त आहे. तेथील चारा खाऊन जनावरांचे केस गळतात, खुरांना भेगा पडतात, प्रसंगी खूर निखळतात. यास्तव परीक्षणावाचून कोणतेही सूक्ष्म खत देऊ नये. कोबाल्ट, आयोडीन व सेलेनियम यांची तपासणी या पत्रिकेत होत नाही. त्यांची गरज पशुवैद्यकाच्या सल्ल्याने खनिज मिश्रणातून भागवावी.

मातीचा नमुना तपासून घेण्यास श्रम थोडे लागतात; परंतु एक वेत वाया गेल्याने होणारे नुकसान पशुपालकास वर्षभर सोसावे लागते. म्हणून पुढील चारापीक पेरण्यापूर्वीच पशुपालक बंधु-भगिनींनी हे काम हाती घ्यावे.