रानातला बूट : पारख आणि निवड

चांभाराच्या मुलाला बुटाविषयी विचारावे, हे लोकांना स्वाभाविक वाटते. रत्नागिरीतल्या आमच्या वस्तीची पोरे आता सुट्टीत रसाळगड, प्रचितगड चढायला जातात. एकदोघे वनरक्षकाच्या नोकरीला लागले आहेत. काहींना भाताच्या राखणीसाठी रात्री डुकरांमागे रान तुडवावे लागते. ही मंडळी माझ्याकडे येतात आणि विचारतात, "काका, कुठला बूट घेऊ?" मी सांगतो. पण सांगताना दर वेळी एक गोष्ट मनात सलते. ज्या आजाकडून मी कातड्याची पारख शिकलो, त्याने आयुष्यात स्वतःच्या पायात बूट घातला नाही.

आजा वहाणा करायचा आणि गावच्या खोताच्या शिकारी बुटांना तळ मारून द्यायचा. पावसाळा सरला की खोत डुकराच्या शिकारीला निघे. तो वाटेवर बंदूक घेऊन बसे. हाका घालायला, म्हणजे जाळीतून जनावर उठवायला, मात्र चांभारवाड्यातली आणि महारवाड्यातली माणसे. अनवाणी. ज्या बुटाला आजाने आदल्या दिवशी टाके घातले तो बूट झाडाखाली दगडावर बसून राही आणि टाके घालणारा करवंदीच्या काट्यांतून धावत सुटे. आजाकडे वहाण नव्हती असे नव्हे. पण खोताच्या अंगणावरून जाताना ती काढून हातात घ्यावी लागे. मग पायातही हळूहळू राहीनाशी झाली.

खोती १९४९च्या कायद्याने गेली. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हौसेची शिकारही गेली. आज पिकात शिरणारे डुक्कर मारायचे तरी परवानगी लागते. रान मात्र तेच आहे, आणि बूट निवडायचा तो रान पाहून, दुकानाची काच पाहून नव्हे.

आमच्याकडचे रान म्हणजे आधी जांभ्याचा सडा. हा दगड चाळणीसारखा भोकाभोकांचा आणि धारेचा. त्यावर चालणे म्हणजे कानशीवर तळ घासणे. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस, त्यामुळे चार महिने हाच कातळ शेवाळाने बुळबुळीत होतो. पाखाड्या तशाच. मध्ये व्हाळ ओलांडावे लागतात, बांधांवरचा चिखल घोट्यापर्यंत येतो. म्हणजे एकाच वाटेवर बुटाला झिजायचे नाही, घसरायचे नाही आणि भिजून कुजायचेही नाही. तिन्ही गोष्टी पुरेपूर साधणारा बूट मी पाहिलेला नाही. कशाला किती मान द्यायचा एवढेच आपल्या हाती.

आणि याच सड्यावर दगडाखाली फुरसे असते. फूट-दीड फुटाचे, मातीच्या रंगाचे. अंगाचे वेटोळे घासून फसफस आवाज करते, पण पावसात तो ऐकू येत नाही. इंग्रजी अमलात रत्नागिरी जिल्ह्यात फुरसे मारून आणणाऱ्याला सरकार बक्षीस देत असे, इतका त्याचा सुळसुळाट. त्याच्या विषाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडते. ते चावते बहुधा पावलाला किंवा घोट्याजवळ, कारण त्याची झेपच तेवढी. घोटा झाकणारे दोन-सव्वादोन मिलिमीटर जाडीचे कातडे या दाताला बरेच अडवते. हमी कोणी देऊ नये. चावलेच तर पट्टी आवळण्यात वेळ न दवडता प्रतिविष मिळेल अशा दवाखान्यात जावे. विंचवाचेही तेच. महाडला दवाखाना चालवणारे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे औषध लागू पडते असे दाखवून दिले. त्याआधी कोकणात विंचवाने माणसे, विशेषतः लहान मुले, सहज दगावत. दगावणारी कोण होती? लाकूडफाटा वेचणारी, गवत कापणारी, अनवाणी. (विंचवाला बुटाचा अंधारही आवडतो; सकाळी बूट उलटा झटकल्याशिवाय पाय घालू नये.)

आता कातडे. आजा म्हणायचा, "कातडं आधी उलटं करून बघ. तोंड समद्यांचं गोरंगोमटं असतं." कातड्याची केसाकडची बाजू म्हणजे दाणा. तिथले धागे बारीक आणि घट्ट विणलेले. मांसाकडची बाजू सैल. कारखान्यात जाड कातडे यंत्राने आडवे चिरून दोन थर काढतात. वरच्या थराचा बूट टिकतो. खालच्या थरावर रंगाचा, प्लास्टिकचा लेप चढवून, त्यावर दाण्याचा ठसा उमटवून तोही चामड्याचा बूट म्हणून विकतात. दुकानदार खोटे बोलत नाही. चामडेच आहे ते. पण एका पावसाळ्यात दुमडीवर लेप सोलवटतो आणि आत लादीच्या फडक्यासारखे भिजणारे अस्तर उरते.

ओळखायचे कसे? बुटाच्या पुढच्या भागावर अंगठा दाबावा. खऱ्या दाण्यावर बारीक, वेड्यावाकड्या सुरकुत्या उमटतात आणि अंगठा काढला की विरतात. लेपाच्या कातड्यावर त्या उमटतच नाहीत, किंवा रबराच्या चेंडूसारखा खळगा पडतो. मग जिभेची कड पाहावी. तिथे बहुधा कातडे उघडे कापलेले असते. कडेला धागे घट्ट दिसले तर बरे, कापसासारखे पिंजलेले दिसले तर बूट खाली ठेवावा. फार गुळगुळीत, एकसारखा दाणाही संशयाचा. जनावर रानात चरलेले असते, त्याच्या अंगावर काट्याचा ओरखडा, गोचिडीचा डाग असायचाच. असा डाग दिसला की गिऱ्हाईक नाक मुरडते. मला तो खरेपणाचा शिक्का वाटतो.

कडेवरून आणखी एक गोष्ट कळते, कातडे कशात कमावले ते. बाभळीच्या सालीत, हिरड्यात कमावलेले कातडे आरपार तपकिरी असते. खड्ड्यात आठवडे, कधी महिने मुरलेले. ते ताठ, दणकट, पायाच्या आकाराला बसणारे. पण पाणी शोषते, फुगते आणि घाईने वाळवले तर लाकूड होते. क्रोमच्या क्षारात कमावलेले कातडे आतून निळसर-राखाडी असते. ही रीत अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस धंद्यात आली आणि दिवसा-दोन दिवसांत काम उरकू लागली. क्रोमचे कातडे मऊ, पाण्यात भिजून वाळले तरी फारसे बिघडत नाही. आमच्या पावसात वरच्या भागाला क्रोमच हवे, हे माझे मत. आजाला ते पटले नसते. त्याचा सालीवर जीव होता.

सालीचे ते कातडे कमवायचे ढोरांनी, शिवायचे चांभारांनी आणि मेलेले जनावर गावाबाहेर ओढून न्यायचे महारांनी. एका बुटावर तीन जातींचे हात, आणि तिघे एकमेकांच्या हातचे पाणी पीत नव्हते. यात आम्ही चांभार मागे नव्हतो, हेही इथे लिहिले पाहिजे. १९२७ साली महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृत जनावराचे मांस सोडण्याचे आवाहन केले, आणि गावोगावच्या महारांनी ढोरे ओढण्याचे कामही टाकले. त्याबरोबर कातड्याची जाण काही घरांतून गेली असेल. मला तिची हळहळ वाटत नाही. पारख ही सक्तीच्या कामातून आली म्हणून ते काम पवित्र ठरत नाही. आणि सक्ती गेली म्हणून अपमान गेला असेही नाही. २०१६ साली गुजरातेत उनाजवळ मेलेल्या गाईचे कातडे काढणाऱ्यांना बांधून मारले, ते साऱ्या देशाने पाहिले. महाराष्ट्रात २०१५ पासून बैलाच्या कत्तलीलाही बंदी आहे. तेव्हा इथल्या बाजारात म्हशीच्या कातड्यावर भिस्त अधिक. ते जाड असते, पण दाणा भरड आणि धागा सैल. त्याचा बूट घेताना कड दोनदा पाहावी.

तळाकडे वळू. आमच्या लोकांच्या पायात पहिला बूट आला तो पलटणीचा. दापोली हे पेन्शनर लष्करी माणसांचे गाव. रामजी सुभेदारही निवृत्तीनंतर काही काळ तिथे राहिले. गोपाळबाबा वलंगकरही पलटणीतून निवृत्त होऊन तिथेच राहिले. महारांची लष्करभरती बंद झाली तेव्हा त्यांनी सरकारकडे अर्ज तयार केला. पुढे १९४१ साली बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. पलटणी बुटाला कातड्याचा जाड तळ, त्याला लोखंडी खिळे, टाचेला नाल. गवतावर, मातीच्या चढावर खिळा पकड घेतो. ओल्या गुळगुळीत दगडावर मात्र तोच घसरवतो. शिवाय वजन. असा जुना जोड कोणाच्या माळ्यावर असेल तर आठवण म्हणून ठेवावा, पाखाडीवर घालू नये.

खाचांचा रबरी तळ रानाच्या बुटाला आणला विताले ब्रामानी या इटालियन गिर्यारोहकाने. १९३५ साली आल्प्समध्ये त्याचे सहा सोबती दगावले, आणि १९३७ पर्यंत त्याने असा तळ तयार केला. खाचा खोल हव्यात आणि त्यांच्यात अंतर हवे. दाटीच्या खाचांत चिखल अडकतो आणि तळ सपाट होतो. नुसत्या रबरावर भर द्यावा. हलका, फेसाळ पॉलियुरेथेनचा तळ आमच्या दमट हवेत कपाटात ठेवल्या ठेवल्या काही वर्षांत भुसभुशीत होतो. माझा स्वतःचा असा एक जोड रसाळगडाच्या निम्म्या वाटेवर टाचेपासून सुटला. उरलेला डोंगर सुतळीने तळ बांधून उतरलो. चांभाराचा मुलगा!

तळ वरच्या भागाला कसा जोडला आहे, हे कुठल्याही रंगापेक्षा महत्त्वाचे. नुसता चिकटवलेला हलका आणि स्वस्त, पण सुटला की संपला. आरपार शिवलेल्याच्या टाक्यांतून पाणी आत चढते. मधे कातड्याची पट्टी घालून तिला तळ बाहेरून शिवतात, त्याला वेल्ट म्हणतात. असा बूट जड आणि महाग, पण तळ झिजला की उसवून नवा बसवता येतो. दहा वर्षांचा हिशेब केला तर तोच स्वस्त.

आणि ज्याच्याकडे तेवढे पैसे एकदम नाहीत? त्याने लाज न बाळगता कापडी हंटर शूज घ्यावेत. हिरव्या कापडाचे, रबरी तळाचे, घोट्यावर येणारे. व्हाळात भिजतात आणि दुपारपर्यंत वाळतात. फुरशापुढे मात्र कापड ते कापड. खालच्या थराचा, लेपाचा चामडी बूट घेण्यापेक्षा हे शतपट बरे.

माप संध्याकाळी घ्यावे, तोवर पाऊल थोडे फुगते. जाड मोजा घालून उभे राहावे. दुकानात पायरी असेल तर उतरून पाहावी; अंगठा पुढे आदळला तर तो बूट गड उतरताना नख काढणार. ज्यांचे बालपण अनवाणी गेले त्यांची पावले पुढे पंजासारखी पसरलेली असतात आणि पुष्कळ कंपन्यांचे फर्मे चिंचोळे. अशा वेळी लोक एक नंबर मोठा घेतात. ते चूक. लांबी नको, रुंदी मागावी. जीभ दोन्ही बाजूंनी आत शिवलेली असावी, म्हणजे पाणी, खडा, किडा आत जात नाही. नव्या बुटाने पंधरा दिवस बाजारापर्यंतच चालावे.

भिजला तर चुलीजवळ किंवा उन्हात नको. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून वाऱ्याला ठेवावा आणि बोळे बदलत राहावे. पावसाळ्यात पांढरी बुरशी धरतेच, ती ओल्या फडक्याने पुसून घ्यावी. वर चोळायला मी भिरंडेलात थोडे मेण वितळवून घालतो. कोकमाच्या बियांचे हे तेल आमच्या घरी बायका टाचांच्या भेगांना लावत. आजी दर रात्री दिव्याजवळ बसून आजाच्या टाचांत ते भरायची. भेगा इतक्या खोल की खाली धरलेली काडी तिने जरा तिरकी केली तर टोक दिसेनासे होई.