परदेश प्रवासाचा विमा : निवड आणि दक्षता

कृष्णा आणि पंचगंगा यांच्या संगमाने पावन झालेल्या शिरोळ तालुक्याला महापूर नवा नाही. २००५, २०१९ आणि २०२१ या वर्षी येथील गावांनी पुराचे पाणी घरात शिरलेले पाहिले. पूर ओसरला की महसूल, कृषी आणि ग्रामपंचायत यांचे कर्मचारी पंचनामे करीत फिरतात. त्या पंचनाम्यात जे नोंदले गेले, त्याचीच पुढे भरपाई होते, हे येथील शाळकरी मुलालाही ठाऊक असते. नुकसान खरे असले तरी ते कागदावर नसेल, तर सिद्ध करता करता माणूस थकून जातो.

परदेश प्रवासाच्या विम्याचे मर्मही नेमके हेच आहे. फरक इतकाच की, येथे कागद आधी करावा लागतो आणि संकट मागून येते. म्हणून तो कागद करताना दाखविलेली दक्षता हाच या विम्याचा खरा पाया होय.

प्रवासी कोण?

परदेशगमन ही एकेकाळी मोजक्या घरांची गोष्ट होती. आता तशी स्थिती राहिलेली नाही. शिरोळ, जयसिंगपूर, कुरुंदवाड या परिसरातील अनेक तरुण शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी परदेशी गेले आहेत. मुलीच्या बाळंतपणासाठी किंवा नातवंडांना पाहण्यासाठी त्यांचे आईवडील काही महिन्यांकरिता तिकडे जातात. राज्याच्या कृषी विभागाच्या अभ्यासदौऱ्यांतून शेतकरीही परदेशातील शेती पाहून येतात. काही जण आखाती देशांत मजुरीसाठी जातात.

या प्रत्येकाची गरज वेगळी असते. परंतु विमा घेताना बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच असतो : सर्वांत कमी हप्ता कोणाचा? हा प्रश्न शेवटी विचारावयाचा आहे. तो आधी विचारला गेल्यामुळेच पुढचे अनेक क्लेश उद्भवतात.

हा विमा कशासाठी?

परदेशातील वैद्यकीय खर्च परकीय चलनात भागविता यावा, या हेतूने आपल्याकडील सर्वसाधारण विमा कंपन्यांनी १९८४ मध्ये ‘ओव्हरसीज मेडिक्लेम’ ही पॉलिसी सुरू केली. आज सरकारी आणि खासगी अशा दोन्ही प्रकारच्या कंपन्या असा विमा देतात. अचानक आलेले आजारपण व अपघात यांवरील उपचार, रुग्णास मायदेशी आणण्याचा खर्च, मृत्यू ओढवल्यास पार्थिव परत आणण्याचा खर्च, सामान किंवा पासपोर्ट हरविणे आणि प्रवासास विलंब होणे, इतक्या गोष्टींचा समावेश त्यात साधारणपणे असतो. यांपैकी पहिल्या तीन गोष्टी कुटुंबाला कर्जात बुडवू शकतात. उरलेल्या केवळ गैरसोयीच्या आहेत. हरविलेल्या बॅगेची भरपाई किती, एवढेच पाहून पॉलिसी निवडणे म्हणजे घराच्या पायाऐवजी रंगाची चौकशी करण्यासारखे आहे.

आपल्याकडे आरोग्याच्या शासकीय योजना आहेत, मग हा वेगळा विमा कशाला, असाही प्रश्न विचारला जातो. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आणि आयुष्मान भारत योजना यांचा लाभ देशातील ठरवून दिलेल्या रुग्णालयांतच मिळतो. घरी घेतलेला आरोग्य विमाही, पॉलिसीत तसे स्पष्ट लिहिलेले नसल्यास, देशाच्या सीमेबाहेर उपयोगी पडत नाही. ही गोष्ट लाभार्थींना समजावून सांगणे अगत्याचे आहे.

देश पाहून विमा

निवडीची पहिली पायरी म्हणजे आपण जाणार त्या देशाचा विचार. नेदरलँड्स, जर्मनी, फ्रान्स यांसारख्या युरोपातील २९ देशांचा मिळून ‘शेंगेन’ प्रदेश बनतो. तेथील अल्पमुदतीच्या व्हिसासाठी किमान ३०,००० युरो रकमेचा वैद्यकीय विमा बंधनकारक आहे. तो सर्व शेंगेन देशांत लागू असावा आणि मुक्कामाचे सर्व दिवस त्यात यावेत, अशीही अट आहे. त्यामुळे हरितगृहातील फुलशेती पाहण्यास हॉलंडला निघालेल्या शेतकऱ्याला विमा घ्यावाच लागतो.

अमेरिकेची गोष्ट उलट आहे. पर्यटक म्हणून जाणाऱ्यास तेथे विम्याची सक्ती नाही, म्हणून तो अनावश्यक समजला जातो. वास्तविक त्याची सर्वाधिक गरज तेथेच आहे. अमेरिकेतील रुग्णालयांना एका आंतररुग्णामागे दररोज येणारा सरासरी खर्च २०२२ मध्ये ३,००० डॉलरच्या घरात होता. डॉलरचा भाव ८५ रुपये धरला तरी एका दिवसाचे अडीच लाख रुपये होतात. या हिशेबाने ५०,००० डॉलरचा विमा सोळा-सतरा दिवसांत संपतो. हृदयाची शस्त्रक्रिया किंवा अतिदक्षता विभागातील उपचार असतील, तर त्याहूनही लवकर. म्हणून अमेरिकेस जाणाऱ्या वडीलधाऱ्यांनी कमी रकमेवर समाधान मानू नये. हप्त्यातील काही हजार रुपयांची बचत पुढे जमिनीच्या सातबाऱ्यावर बोजा चढविणारी ठरू शकते.

पॉलिसीवर ‘अमेरिका व कॅनडा वगळून’ असे शब्द आहेत काय, हेही पाहावे. अशी पॉलिसी स्वस्त असते. परंतु परतीच्या वाटेवर अमेरिकेतील नातलगांकडे आठ दिवस राहण्याचा बेत असेल, तर त्या आठ दिवसांपुरता तिचा उपयोग नाही.

मुदत, वजावट आणि पोटमर्यादा

विम्याची मुदत घरातून निघाल्यापासून परत येईपर्यंतची असावी. त्यात चार-आठ दिवस अधिक धरणे शहाणपणाचे होय. मुक्काम वाढला तर मूळ मुदत संपण्यापूर्वीच वाढीसाठी अर्ज करावा लागतो. मुदत संपल्यावर आलेल्या आजाराची जबाबदारी कंपनी घेत नाही. शिवाय असा विमा सामान्यतः भारतातून निघण्यापूर्वीच घ्यावयाचा असतो. तिकडे पोहोचल्यावर पाहू, हा विचार धोक्याचा आहे.

‘डिडक्टिबल’, म्हणजे वजावट, हा शब्द बहुतेक पॉलिसींत आढळतो. खर्चाचा ठरावीक पहिला भाग विमाधारकाने स्वतः सोसावयाचा, असा त्याचा अर्थ. समजा, वजावट १०० डॉलर आहे आणि बिल ९०० डॉलर झाले, तर कंपनी ८०० डॉलर देईल. बिल ८० डॉलरच झाले, तर काहीही मिळणार नाही.

पोटमर्यादा ही त्याहून महत्त्वाची बाब आहे. विम्याची एकूण रक्कम मोठी दिसते, परंतु खोलीभाडे, शस्त्रक्रिया, डॉक्टरांची फी अशा प्रत्येक बाबीसाठी आत वेगळी मर्यादा घातलेली असते. विशेषतः साठ वर्षांवरील प्रवाशांच्या पॉलिसीत अशा मर्यादा अनेकदा असतात. म्हणून दोन पॉलिसींची तुलना करताना वरच्या मोठ्या आकड्याची नव्हे, तर आतील लहान आकड्यांची तुलना करावी.

जुना आजार : सत्य सांगावे

आता सर्वांत नाजूक मुद्द्याकडे वळू. रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार असे विमा घेण्यापूर्वीचे आजार बहुतेक पॉलिसींतून वगळलेले असतात. काही कंपन्या, जिवावर बेतले असता रुग्णाची प्रकृती स्थिर होईपर्यंतचा खर्च देतात. काही जादा हप्ता घेऊन अधिक संरक्षण देतात. ज्यांना रोज गोळी घ्यावी लागते, त्यांनी अशीच पॉलिसी शोधावी आणि हे कलम लेखी वाचून घ्यावे. ‘सर्व काही मिळते’ या तोंडी आश्वासनाला किंमत नाही.

आजार सांगितला तर हप्ता वाढेल किंवा विमाच मिळणार नाही, या भीतीने अर्जात ‘कोणताही आजार नाही’ असे लिहिण्याची प्रवृत्ती दिसते. अनेकदा अर्ज दुसराच कोणी भरतो आणि वडीलधारी माणसे विश्वासाने सही करतात. विम्याचा करार परस्परांवरील परम विश्वासाच्या तत्त्वावर उभा असतो. महत्त्वाची माहिती दडविली, तर दावा नाकारण्यास कंपनीला आधार मिळतो. परदेशातील डॉक्टर रुग्णाला पहिलाच प्रश्न विचारतात तो जुन्या आजारांविषयी आणि चालू औषधांविषयी. ते उत्तर रुग्णालयाच्या कागदावर येते आणि तोच कागद पुढे कंपनीकडे जातो.

या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाने ६ डिसेंबर २०२१ रोजी दिलेला निर्णय उद्बोधक आहे. २००९ मध्ये एक गृहस्थ असा विमा घेऊन अमेरिकेस निघाले. सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळावर पोहोचताच त्यांना हृदयविकाराचा झटका आला आणि शस्त्रक्रिया करून तीन स्टेंट बसवावे लागले. पूर्वीपासून असलेल्या आजारांचे कारण दाखवून कंपनीने दावा नाकारला. मात्र विमा घेतानाच आपल्याला मधुमेह असल्याचे त्यांनी सांगितले होते. सांगितलेला आजार माहीत असताना कंपनीने एकदा पॉलिसी दिली, की पुढे त्याच आजाराकडे बोट दाखवून तिला दावा नाकारता येणार नाही, असे न्यायालयाने ठरविले.

या प्रकरणातून दोन बोध घ्यावयाचे आहेत. अर्जातील खरी नोंद शेवटी विमाधारकाच्या बाजूने उभी राहिली, हा पहिला. त्यासाठी बारा वर्षे लागली, हा दुसरा. म्हणून नोंद खरी असावीच, शिवाय त्या आजाराचे संरक्षण पॉलिसीत स्पष्ट शब्दांत मागून घेतलेले असावे.

प्रसंग ओढवल्यास

पॉलिसीवर परदेशातील मदत केंद्राचा दूरध्वनी क्रमांक दिलेला असतो. तो प्रवाशाजवळ, त्याच्या यजमानाजवळ आणि गावाकडील घरी, अशा तीन ठिकाणी लिहून ठेवावा. रुग्णालयात दाखल होण्यापूर्वी, आणि ते शक्य नसल्यास पॉलिसीत सांगितलेल्या मुदतीत, तेथे कळवावे. रुग्णालयाचे बिल कंपनीने परस्पर भागवावे यासाठी ही सूचना आवश्यक असते. सामान हरविल्यास विमानतळ सोडण्यापूर्वी विमान कंपनीकडून, आणि पासपोर्ट किंवा पैसे चोरीस गेल्यास स्थानिक पोलिसांकडून, लेखी अहवाल घ्यावा. हाच तेथला पंचनामा. औषधांच्या चिठ्ठ्या, तपासण्यांचे अहवाल आणि पावत्या जपून ठेवाव्यात. घरचे जुने वैद्यकीय कागद पुरात भिजून गेलेले असतील, तर आपल्या डॉक्टरांकडून प्रकृतीविषयीचे नवे प्रमाणपत्र निघण्यापूर्वीच घ्यावे.

दावा अमान्य झाला, तर प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण विभागाकडे लेखी तक्रार करावी. तेथे दाद न लागल्यास विमा लोकपालाकडे जाता येते. त्यासाठी शुल्क नाही आणि वकिलाची गरज नाही. कोल्हापूर जिल्ह्यासाठी हे कार्यालय पुणे येथे आहे. कंपनीचे अंतिम उत्तर आल्यापासून एक वर्षाच्या आत तक्रार करावी लागते. जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाचा मार्गही मोकळा आहे. विमा नियामक प्राधिकरणाच्या १५५२५५ या क्रमांकावर मार्गदर्शन मिळते.

मजुरीसाठी जाणाऱ्यांकरिता

दहावी उत्तीर्ण नसलेल्या आणि आखातासारख्या ठरावीक देशांत नोकरीसाठी जाणाऱ्या कामगारांना निर्गमनाची परवानगी घ्यावी लागते. त्यांच्यासाठी केंद्र शासनाची प्रवासी भारतीय बीमा योजना सक्तीची आहे. अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आल्यास तीत १० लाख रुपयांचे संरक्षण मिळते. हप्ता दोन वर्षांसाठी २७५ रुपये आणि तीन वर्षांसाठी ३७५ रुपये आहे. दलालाने हा विमा खरोखर उतरविला आहे काय, याची खातरजमा घरच्या माणसांनी करावी आणि पॉलिसीची प्रत गावी ठेवावी.

गावातील जाणत्यांचे कर्तव्य

परदेशी निघालेला गावकरी इंग्रजी कागद घेऊन शेवटी शाळेतील गुरुजींकडे, ग्रामपंचायतीच्या सदस्याकडे किंवा ओळखीच्या अधिकाऱ्याकडेच येतो. अशा वेळी कोणती कंपनी चांगली, हे सांगण्याची गरज नाही. पाच प्रश्न विचारले तरी पुरे आहे. विमा त्या देशात लागू आहे काय? रक्कम तेथील खर्चास पुरेशी आहे काय? मुदतीत सर्व दिवस येतात काय? वजावट आणि पोटमर्यादा किती? आणि अर्जात लिहिलेली प्रकृतीची माहिती खरी आहे काय?

यांपैकी शेवटचा प्रश्न विचारताना थोडा वेळ द्यावा. मुलांना काळजी नको, म्हणून छातीतील दुखणे लपविणाऱ्या आया आपल्या गावोगाव आहेत. त्यांच्याकडून ते आपुलकीने काढून घ्यावे आणि अर्जाच्या योग्य रकान्यात त्यांच्यादेखत लिहावे. त्या एका ओळीने हप्ता थोडा वाढेल, पण उद्या परक्या मुलखात बिकट प्रसंग आला, तर तीच ओळ त्यांचा आधार होईल.